आधी रविवार मोजा, मग वाट निवडा: डोंगरवाट राखू पाहणाऱ्या नव्या मंडळासाठी

नवं मंडळ निघालं की पहिल्या बैठकीत एक यादी होतेच. गडावरची पाण्याची टाकी साफ करायची, पायऱ्या बसवायच्या, बाण मारायचे, झाडं लावायची, पायथ्याच्या शाळेला वह्या द्यायच्या, दिवाळीत गडावर पणत्या लावायच्या. चहा संपेपर्यंत यादी पंचवीस कलमांची होते आणि आजच निम्मं काम झालं असं सगळ्यांना वाटायला लागतं. आमचंही तेच झालं होतं. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यातली दोन कामं अर्धवट राहिली आणि एक चक्क उलटलं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

चार-सहा वर्षं सह्याद्रीत भटकंती झाली आहे आणि आता एखादी वाट राखावी असं मनात आलं आहे, अशा दहा-पंधरा जणांच्या गटासाठी हे लिहितोय. तट-बुरुजांची डागडुजी हा विषय यात नाही. ते पुरातत्त्वाच्या जाणकारांचं आणि अभियंत्यांचं काम, हौशी हातांनी त्यात पडू नये. इथे बोलायचंय ते फक्त गावातून गडाच्या दरवाजापर्यंत जाणाऱ्या पायवाटेबद्दल.

पहिलं काम: कॅलेंडर आणि पेन

वर्षात रविवार बावन्न. जून ते सप्टेंबरमधले सतरा-अठरा खोदकामाला निरुपयोगी, कारण ओल्या मातीत कुदळ मारली तर दुरुस्तीपेक्षा नासधूस जास्त होते. उरलेल्यांतून दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि पायथ्याच्या गावची जत्रा वजा करा. मार्चनंतर डोंगराच्या उघड्या धारेवर साडेनऊच्या पुढे हात चालत नाही, तेव्हा ते रविवार अर्धेच धरा. प्रामाणिकपणे मोजलं तर चौदाच्या आसपास दिवस हाती लागतात.

आता माणसं. व्हॉट्सअॅपच्या गटात ऐंशी असतील, "मी आहे" म्हणणारे तीस असतील, पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर उभे दिसतील ते बारा. प्रवास, चढाई, न्याहारी, उतरणं सोडून प्रत्यक्ष काम होतं चार तास. चौदा गुणिले बारा गुणिले चार, म्हणजे ६७२ तास. एका गड्याची आठ तासांप्रमाणे चौऱ्याऐंशी दिवसांची मजुरी, बस्स. वर्षभराची तुमची सगळी पुंजी ही एवढी. पैसे कमी पडले तर कुणीतरी देतं, रविवार कुणी उसना देत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक कामापुढे रुपयांऐवजी रविवार लिहा. पंचवीस कलमांची सहा कधी झाली ते कळतही नाही.

वाट एकच घ्या, आणि जवळची घ्या

नव्या मंडळाला राजगड हवा असतो, हरिश्चंद्रगड हवा असतो. हौस समजते. पण राजगडावर गुंजवण्याच्या बाजूनं चोर दरवाजाला जाणारी वाट घ्या किंवा हरिश्चंद्रगडाची पाचनईची, तिथे येणाऱ्या पावलांची संख्याच अशी की बारा जणांचं काम एका पावसाळ्यात पुसलं जातं. शिवाय अशा ठिकाणी आधीपासून कुणी ना कुणी काम करत असतंच. त्यांच्याशी न बोलता घुसलात तर पहिल्याच महिन्यात भांडण.

वाट निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. घरापासून दोन-अडीच तासांत पायथा गाठता आला पाहिजे. वाट दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब नसावी. आणि पायथ्याच्या गावातलं निदान एक घर असं असावं की जिथे हत्यारं ठेवता येतील आणि ज्यांना वाटेबद्दल आपल्याइतकीच आस्था आहे. तिसरी अट जमली नाही तर पहिल्या दोन जमूनही उपयोग नाही.

अमेरिकेतली अॅपलाचियन वाट साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ती १९३७ मध्ये सलग झाली आणि आजही तीसेक क्लबांनी तुकडे वाटून घेऊन राखली आहे. ज्याचा तुकडा, त्याचं काम. आपल्याकडे उलटी तऱ्हा: एक मंडळ आणि वर्षाला सात गड. प्रत्येक ठिकाणी एक फोटो आणि एक फलक.

ही जमीन कुणाची?

हा प्रश्न निवडीच्या आधी विचारा, नंतर नको. गडाचा माथा एका खात्याचा आणि वाट दुसऱ्याच खात्याची, हे सर्रास आढळतं. माथा केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतही हाच भेद आहे: रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे, राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याकडे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. "आम्ही फक्त चार पायऱ्या बसवतोय" ही सबब तिथे चालत नाही.

खालची वाट बहुतेक वेळा वनखात्याच्या हद्दीत असते. तिथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा लागतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारखं अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाला. अगदी पायथ्याचा पट्टा कुणाच्या तरी मालकीचा असतो, बांधावरून जाणारी वाट ही त्या शेतकऱ्याची मेहेरबानी आहे हे विसरू नका. ग्रामपंचायतीला एक पत्र, संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांना एक फोन.

अर्ज एक पानाचा ठेवा: कोणती वाट, कुठून कुठवर, काय करणार, काय करणार नाही, किती माणसं, कोणत्या तारखा, जबाबदार कोण. "काय करणार नाही" हा भाग सगळ्यात उपयोगी पडतो. सिमेंट वापरणार नाही, झाड तोडणार नाही, कातळाला छिन्नी लावणार नाही, जुन्या बांधकामाचा दगड हलवणार नाही. हे लिहिलेलं असलं की समोरचा माणूस जरा सैलावतो. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज जुलैत द्या, ऑक्टोबरात नव्हे. आणि वनरक्षकाची ओळख कागदावर ठेवू नका, एकदा त्यांच्याबरोबर वाट चाला. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

पावसात एकदा चालून या

आता ती उलटलेल्या कामाची गोष्ट. पहिल्या वर्षी आम्ही नोव्हेंबरात गेलो. एका सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) कारवीची झुडपं दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकलेली, सॅक अडकायची. आम्ही कोयत्यानं साठ-सत्तर पावलांचा पट्टा छान रुंद करून टाकला. बुंध्यापासून साफ. फोटोत फार सुरेख दिसत होतं. खालच्या वाडीतले एक मामा गुरं घेऊन चालले होते. ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "काम झ्याक केलंसा. पर पानी कुठनं जातंय त्ये पावसात येऊन बघितलंय का कुनी?"

कुणीच बघितलं नव्हतं. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्या पट्ट्याची बाहेरची कड हातभर ढासळली होती. ती माती कारवीच्या मुळ्यांनी धरून ठेवली होती, आणि वाटेला आधार होता तो तेवढाच. नंतरचे दोन पूर्ण रविवार ती कड दगडांनी बांधण्यात गेले.

तेव्हापासून आमचा नियम झाला: ज्या वाटेवर काम करायचं ती आधी जुलैत भर पावसात चालायची. हातात कुदळ नाही, फक्त प्लास्टिकच्या पिशवीत वही. चौघं पुरतात. पाणी वाटेवर कुठून शिरतं, किती अंतर वाटेनंच धावतं आणि कुठे बाहेर पडतं, एवढंच टिपायचं. घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजायचा, महाबळेश्वरला तर सरासरी साडेपाच हजारांच्या पुढे. त्यामुळे दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं तरी पाणी आपला सगळा नकाशा काढून दाखवतं. बेसाल्टचा एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे पाझर असतात. पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, वाट कायम चिखलात का असते, याचं उत्तर तिथे सापडतं.

नोंदी जीपीएसवर करा, पण वहीत गावातली नावंही लिहा. "खुणेचा क्रमांक ७" कुणाला आठवत नाही, "उंबराजवळचा घसारा" सगळ्यांना आठवतो.

कशाला आधी, कशाला नंतर

वहीतल्या नोंदी चार ढिगांत टाका.

१. जिवाला धोका. सुटलेला दगड, खचलेली अरुंद आडवी वाट, हलणारं रेलिंग. यातलं जे आपल्या आवाक्यात आहे ते पहिल्याच रविवारी करायचं. जे नाही, म्हणजे रेलिंग, शिडी, मोठी दरड, ते फोटोसकट लेखी कळवायचं आणि हात लावायचा नाही.

२. पाणी.

३. वाट चुकण्याच्या जागा.

४. सोय. बसायला दगड, रुंदी, शोभा.

नव्या मंडळांचं मन चौथ्यात रमतं. सगळी लढाई असते दुसऱ्यात. आमच्या १४ रविवारांपैकी आठ-नऊ पाण्यावर जातात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

वाट खराब करतात ते पाय, हे अर्धंच खरं. पाय गवत मारतात आणि माती सैल करतात, ती वाहून नेतं पाणी. डोंगराच्या उताराला सरळ भिडणारी वाट, म्हणजे पाणी ज्या दिशेला ओघळतं त्याच दिशेनं उतरणारी, दोन-चार पावसाळ्यांत नाळ, म्हणजे खोल घळ, होते. मग लोक नाळ टाळून बाजूनं चालतात, तिथे दुसरी नाळ पडते. सिंहगडावर आतकरवाडीकडून चढताना शॉर्टकटनी सोंड कशी सोलून निघाली आहे ते पाहून या.

वाट बांधणारे जगभर एक साधा ठोकताळा पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याच्या आत असावा. डोंगराचा उतार ४० टक्के असेल तर वाटेचा चढ २० टक्क्यांच्या आत. त्यापेक्षा उभी असेल तर पाणी वाट ओलांडून न जाता वाटेलाच लागतं. जुन्या मळलेल्या वाटा पाहा, गुरांनी आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या बायकांनी पाडलेल्या. त्या बहुतेक हाच नियम पाळतात, कुणी शिकवलेलं नसताना.

आहे ती वाट बदलता येत नसेल तर पाणी काढून द्यायचं. त्यासाठी वाटेवर तिरका दगडी पट्टा घालतात. कसा, ते एकदा नीट पाहू.

जागा अशी निवडा की खालच्या अंगाला पाणी सोडायला मोकळा उतार असेल. वाटेला काटकोनात नव्हे, साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका चर खणा, एक वीत ते दीड वीत खोल. आडवा घातलात तर मागे गाळ साचून पहिल्या महिन्यात बुजतो. दगड चपटे, लांबट, एका माणसाला जेमतेम उचलतील असे. दोन बोटांत मावणारे दगड म्हणजे पाण्याला दिलेली खेळणी. खालच्या टोकापासून सुरुवात करा आणि दगड कौलांसारखे लावा, वरच्या दगडाची कड खालच्यावर चढलेली, म्हणजे वाहतं पाणी सांध्यात शिरत नाही. प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गेला पाहिजे. मागच्या बाजूनं दगडाच्या चिपा ठोकून घट्ट करा. मग त्यावर उभे राहा आणि वजन या पायावरून त्या पायावर करा. जराही डुगडुगला की काढून पुन्हा बसवायचा. आमच्यात एक ताई आहेत, त्यांनी डुगडुगणारा दगड मान्य केल्याचं मला आठवत नाही. सगळे कुरकुरतात. त्यांचे पट्टे मात्र सहाव्या पावसाळ्यातही जागेवर आहेत.

शेवटी पट्ट्याच्या खालच्या टोकाला पाणी पडतं तिथे चार दगड अस्ताव्यस्त टाका, नाहीतर ती धार नवा खड्डा पाडते. सहा जणांच्या तुकडीचे दिवसाला तीन पट्टे झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. पाच झाले असतील तर कुठेतरी चिपा राहिल्यात.

उताराला आडव्या जाणाऱ्या वाटेवर पट्ट्यांचीही गरज नसते. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवायची, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. चालणाऱ्याला कळतही नाही, पाणी मात्र आपसूक ओलांडून जातं. वर्षानुवर्षं बाहेरच्या कडेला मातीची वरंबी साचते, ती फावड्यानं काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं काम. नवख्यांना पहिल्या दिवशी हेच द्या. टिकणारे कोण ते दुपारपर्यंत समजतं.

वाट चुकण्याच्या जागांबद्दल थोडक्यात. माणसं चुकतात ती जास्त करून उतरताना, उजेड कमी होत असताना, ढोरवाटांच्या फाट्यांवर. म्हणून खूण दोन्हीकडून दिसली पाहिजे; नुसता वर जाणाऱ्याला दिसणारा बाण निम्म्या कामाचा. जिथे दुसरा पर्यायच नाही तिथे बाण मारू नका. जुन्या बांधकामावर, कोरीव कातळावर, टाक्याच्या काठावर रंग अजिबात नाही. झाडाला बांधलेल्या प्लास्टिकच्या फिती दोन वर्षांनी कचराच असतात. चुकीच्या फाट्यावर दोन काटक्या आडव्या टाकणं ही जुनी, फुकट आणि बऱ्यापैकी चालणारी युक्ती आहे.

वर्षाची मांडणी

जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी आणि अर्ज. गावकरी लावणीत असतात, त्यांच्या वेळेची अपेक्षा करू नका. ऑक्टोबरात गवत पुरुषभर झालेलं असतं आणि वाट खाली गडप. वाटेपुरतंच विळ्यानं कापायचं, उपटायचं नाही. साप आणि गांधीलमाशा याच महिन्यात त्रास देतात.

खरं दगडकाम नोव्हेंबर ते जानेवारी. मातीत ओल असते, कुदळ बसते, ठोकलेला दगड मुरतो. यात भातकापणीचे दिवस गावाला विचारून टाळा. फेब्रुवारीनंतर माती विटेसारखी होते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ. वनखातं जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढतं तेव्हा दोन रविवार त्यांना द्या. परवानगीच्या अर्जापेक्षा या दोन दिवसांनी ओळख पक्की होते. धूर दिसला तर १९२६ हा वनखात्याचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

एप्रिल-मे हे टाकी साफ करण्याचे दिवस म्हणून प्रसिद्ध आहेत, कारण पाणी तळाला गेलेलं असतं. नव्या मंडळानं पहिल्या वर्षी टाक्याला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाळात खापरं, नाणी, कधी तोफगोळे निघतात. ते कुठल्या थरात होते याची नोंद जाणकाराशिवाय होत नाही, आणि मिळालेली वस्तू घरी नेणं हा गुन्हा आहे. पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर असेल तरच.

मेच्या शेवटच्या रविवारी आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, फेरी. एक फावडं, दोन माणसं, सगळे चर आणि पट्ट्यांची तोंडं मोकळी करायची. ही फेरी चुकली तर हिवाळ्याचं निम्मं काम वाया.

हत्यारं, डबा, सुरक्षितता

बारा माणसांना बारा हत्यारं लागत नाहीत. दोन पहारी, तीन टिकाव, दोन फावडी, दोन विळे, एक कोयता; वर चार घमेली आणि दहा मीटर दोर. हत्यारं कमी असली तरी चालतं, माणूस रिकामा राहिलेला चालत नाही. दगड शोधून आणणं हे निम्मं काम आहे आणि त्याला फक्त हातमोजे लागतात. एकदा आमच्याकडे चाळीस जण आले, हत्यारं नऊ. उरलेल्या एकतीस जणांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

टिकाव चालवणाऱ्यांत दोन हत्यारांच्या लांबीइतकं अंतर. उतारावर एकाच्या खाली दुसरा कधीही नाही. दगड सुटला की "दगड!" अशी आरोळी, हळू आवाजात नाही. पहार आणि मोबाईल एका हातात नाही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी धूर, अत्तर, गोंगाट सगळं बंद. मोहोळ वाटेवरच असेल तर काम दुसरीकडे. फुरसं हा विषारी साप दगडाखाली असतो, म्हणून दगड उलथायचा तो पहारीनं आणि आपल्याकडे. म्हणजे उचललेली कड पलीकडची, आपले पाय आडोशाला. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, याची चौकशी कामाच्या आदल्या आठवड्यात करा. १०८ आणि ११२ सगळ्यांना पाठ असतात, पण डोंगराच्या कोणत्या वळणावर रेंज येते ते वहीत लिहिलेलं असावं. अपघात मोठा असेल तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर गिर्यारोहकांची बचाव पथकं पाठवतं, त्यांचा क्रमांक निघण्याआधी सेव्ह करा.

जेवण गावात, पैसे देऊन. डबे नेऊ नका. पिठलं-भाकरीचे बारा जणांचे पैसे त्या घरात गेले की पुढच्या वेळी पाटी-पहार सांभाळायला सांगताना जीभ अडखळत नाही.

कागदपत्रं

पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नका. एक वहीखातं, दोन सह्यांचा हिशेब पुरतो. वर्ष तगलात, देणगीदार विचारायला लागले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासदांनिशी संस्था आणि धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नोंदणी करा. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलले की बदल-अर्ज, हे चालूच राहतं. हे काम करायला एक माणूस कायमचा अडकवावा लागतो, आणि तो बहुधा पहारीवरचा सगळ्यात चांगला हात असतो.

पुढच्या जुलैत तीच वही, तीच वाट, तेच चौघं. गेल्या वर्षीच्या प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द लिहायचा: टिकलं, वाहिलं किंवा बुजलं. आमच्या पहिल्या वहीत एकोणीस पट्ट्यांपैकी सातांपुढे "वाहिलं" आहे. मामांना दाखवली तर ते म्हणाले, "सातच? मला वाटलं धा तरी जात्याल."